लाकडावरचं एपॉक्सी काढायचंय? आधी ती थिनरची बाटली खाली ठेवा

आमच्या हॉलमध्ये एक टीपॉय आहे, चार वर्षांपूर्वी जुन्या बाजारातून पाडलेल्या वाड्याच्या दाराची सागवानी फळी आणून मीच बनवलेला, आणि तेव्हा मला एपॉक्सीचं (रेझिन आणि त्याला घट्ट करणारं हार्डनर असे दोन द्रव मिसळून ओतायचे, जमलं की काचेसारखं कडक) नवीन नवीन वेड लागलेलं म्हणून त्याच्यावर दोन कोट मिळून जवळजवळ ३ मिलिमीटर एपॉक्सी ओतलेलं. सहा महिने काचेसारखा चमकला, पाहुणे हात फिरवून बघायचे. मग खिडकीकडची बाजू हळूहळू पिवळी पडायला लागली आणि एक दिवस आईने गॅसवरून उतरवलेलं चहाचं पातेलं थेट त्याच्यावर टेकवलं, बुडाचा गोल छापा उठला तो उठलाच. तिला काही बोलायची सोय नाही, तिचं म्हणणं टीपॉयवर चहा नाही ठेवायचा तर काय ठेवायचं.

तर सगळं काढून टाकायचं ठरवलं, म्हटलं एका रविवारचं काम आहे. दोन शनिवार-रविवार गेले. त्यातला पहिला अख्खा रविवार थिनर, अॅसिटोन, व्हिनेगर असल्या गोष्टी ओतण्यात वाया गेला, तो तुमचा जाऊ नये म्हणून हे लिहितोय.

पण त्याच्याही आधी एक बघा, खरंच काढायची गरज आहे का. कारण एपॉक्सी काढणं हे शेवटचं औषध आहे. पावसाळ्यात, दमट हवेत ओतलेल्या एपॉक्सीवर बऱ्याचदा तेलकट, पांढरट, मेणासारखा एक थर येतो, लोकांना वाटतं माल खराब निघाला. ते हार्डनरमधलं अमाइन नावाचं रसायन वर येऊन हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी जुळतं म्हणून होतं, आणि ते साध्या पाण्याने आणि भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरने धुऊन निघतं, खरंच, विषय संपला. बुडबुडे राहिलेत, धूळ बसलीय, बारीक ओरखडे आहेत, तर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने पूर्ण पृष्ठभाग मॅट होईपर्यंत घासा, पुसा आणि वरून अजून एक पातळ कोट ओता, जुना कोट त्या नव्याखाली दिसणारसुद्धा नाही. काढायची वेळ येते ती थर पिवळा पडलाय, लाकडापासून सुटून आत हवा शिरलीय, किंवा तुम्हाला ते प्लास्टिकसारखं दिसणंच आता नकोय तेव्हा. माझ्या बाबतीत पहिलं आणि तिसरं.

आता थिनर का चालत नाही ते. जुनं लाखेचं पॉलिश असेल तर स्पिरिट लावलं की ते परत विरघळतं, कारण लाख मुळात स्पिरिटमध्ये विरघळवूनच लावलेली असते, स्पिरिट उडून गेलं, लाख मागे राहिली, इतकंच. एपॉक्सीचं तसं नाही. रेझिन आणि हार्डनर एकत्र आले की त्यांची केमिकल रिअॅक्शन होऊन सगळ्या साखळ्या एकमेकींना कायमच्या जोडल्या जातात, ते नुसतं सुकत नाही. भाकरी झाली की ती पाण्यात घालून परत पीठ होत नाही ना, तसं. फार तर भिजून फुगेल. अॅसिटोनचं फडकं तासभर ठेवलंत तर वरचा थर जरासा मऊ होतो, पण तोवर निम्मं अॅसिटोन हवेत उडालेलं असतं आणि तुमचं डोकं दुखायला लागलेलं असतं. व्हिनेगर हे ओल्या, न जमलेल्या एपॉक्सीसाठी आहे, हत्यारं पुसायला वगैरे. वाळून घट्ट झालेल्यावर ते तुम्ही लोणच्यासारखं मुरवत ठेवलंत तरी काही होणार नाही.

पण शिळी भाकरी तव्यावर पाण्याचा हात लावून गरम केली की मऊ पडते, हे मात्र इथे लागू आहे. एपॉक्सी वितळत नाही पण एका तापमानाच्या वर गेलं की काचेसारखं कडक राहत नाही, रबरासारखं होतं. आपण घरी खोलीच्या तापमानाला जमवलेल्या टेबलटॉप एपॉक्सीचं ते तापमान साधारण ५०-६० अंशांच्या आसपास असतं, म्हणूनच तर पातेल्याचा छापा उठतो. म्हणजे ज्याने टीपॉय बिघडवला तेच त्याला सोडवणार, उष्णता.

हीट गन घ्या, म्हणजे गरम हवा फेकणारं हत्यार. मी हजार-बाराशेवाली घेतली, २००० वॅटची, दोन स्पीडवाली. एक इलेक्ट्रिकची गोष्ट, २००० वॅट म्हणजे जवळपास ९ अँपिअर करंट, तेव्हा ती मोबाईल चार्जरच्या साध्या ६ अँपिअर पॉइंटला लावू नका, गीझर किंवा वॉशिंग मशीनचा मोठा १६ अँपिअरचा पॉइंट शोधा, आणि बारीक वायरीचं एक्स्टेन्शन तर अजिबात नको, ते एपॉक्सीच्या आधी मऊ होईल. हेअर ड्रायरने होतं का असं सगळे विचारतात. पातळ थर, छोटी वस्तू, भरपूर वेळ असेल तर होतं. टेबलाला नाही.

थांबा, गन लावायच्या आधी फळीची कड बघा. वरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून खाली तशाच उतरतायत का? उतरत असतील तर भरीव लाकूड आहे, बिनधास्त. पण कडेला वेगळी पट्टी चिकटवलेली असेल किंवा प्लायचे थर दिसत असतील तर वरचं सागवान म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर व्हिनियर, लाकडाचा चिकटवलेला पातळ पापुद्रा आहे आणि ते खाली बहुतेक वेळा फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदाने बसवलेलं असतं, आणि तो गोंदही उष्णतेने मऊ पडतो. म्हणजे एपॉक्सी सोडवायला गेलात की व्हिनियरही त्याच्याबरोबर पापुद्र्यासारखं वर येणार. व्हिनियरवर असेल तर माझा सल्ला सरळ आहे, काढू नका, घासून मॅट करा आणि वरून नवा कोट द्या, आणि अगदीच नको असेल तर वर नवीन व्हिनियर किंवा सनमायका मारा. हेच जोडांचंही, टेबलाचे पाय गोंदाने बसवलेले असतील तिथे गन जास्त वेळ रोखून धरू नका.

आणि फळी जुन्या दाराची असेल आणि एपॉक्सीखाली कुठे जुना ऑइलपेंट राहिला असेल तर तो शिशाचा असायची दाट शक्यता, आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा येऊन लागू झाली ती २०१७ च्या शेवटी. तसला रंग कोरडा घासायचा नाही आणि जाळायचा तर नाहीच, घरात लहान मूल असेल तर ती फळी सोडूनच द्या.

काम गच्चीत किंवा अंगणात करा. फ्लॅट असेल तर बाल्कनीत, पण खालच्यांचे कपडे वाळत नाहीत ना ते बघून. गरम करताना वास येतो, थोडा येणारच, पण डोळ्यात झोंबणारा वास किंवा धूर दिसला तर तुम्ही जास्त तापवताय, गन लगेच मागे घ्या. वाऱ्याच्या पाठीशी उभे राहा. घासताना एन९५ मास्क पाहिजेच, आणि पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, कारण एपॉक्सीची धूळ, त्यात ते नीट जमलेलं नसेल तर जास्तच, कातडीला खाज आणते आणि एकदा का त्याची अॅलर्जी बसली की ती जात नाही, पुढे आयुष्यभर ट्यूब उघडली तरी पुरळ येतं. हा मास्क धुळीसाठी आहे हं, वाफेसाठी नाही, वाफेसाठी मोकळी हवा हाच उपाय. गरम करताना हातात पातळ रबरी ग्लोव्ह्ज नकोत, ते चिकटतात, सुती किंवा चामड्याचे घाला. मी नाही घातले. डाव्या अंगठ्यावर अजून डाग आहे.

आता मुख्य काम.

पुट्टी लावायची लोखंडी पत्ती असते ना, दोन इंची, जराशी कडक, ती घ्या आणि तिचे दोन्ही कोपरे कानशीने थोडे गोल करून घ्या. ही पाच मिनिटं वाचवू नका, टोकदार कोपरा मऊ सागात असा रुततो की नंतर तो खड्डा घासून काढायला अर्धा तास जातो, माझ्या टीपॉयवर असे तीन खड्डे आहेत, त्यातला एक मी पटाशीने केला कारण मला वाटलं पटाशीने लवकर होईल. सुरुवात कडेपासून करा, आणि शक्यतो जिथे थर आधीच थोडा सुटलाय तिथून. गन ४-५ सेंटिमीटर लांब धरायची, कमी सेटिंगवर, आणि सतत हलवत ठेवायची, इस्त्री फिरवतो तशी, एका जागी थांबलात की एपॉक्सी तपकिरी होऊन फसफसतं आणि खालचं लाकूड काळं पडतं. एका वेळी तळहाताएवढीच जागा. साधारण ३०-४० सेकंदांत, थर जाड असेल तर मिनिटभराने, पत्तीचं टोक दाबून बघा, आधी ते काचेवर घसरतं तसं घसरत होतं, आता किंचित रुतायला लागेल, तेव्हा समजायचं तयार आहे. माझ्याकडे लांबून तापमान मोजायची छोटी गन होती त्याच्यावर ८० ते १०० च्या मध्ये सगळ्यात छान निघत होतं, ६०-७० ला नुसतं चिवट वाटायचं आणि १५० च्या वर वास यायला लागायचा. ती गन नसेल तरी चालेल, हाताला कळतं, दहा-बारा पॅचेसनंतर तर न बघता कळतं.

मग पत्ती अगदी आडवी धरायची, लाकडाला जवळजवळ समांतर, आणि थर आणि लाकूड यांच्या मध्ये सरकवत पुढे ढकलायची, रेषेच्या दिशेने. वरून खरवडायचं नाही, खालून उचलायचं. तव्याला चिकटलेलं घावन कसं कडेने उलथनं घालून सोडवतो, हुबेहूब तसं, आणि घाई केली की तसंच फाटतं. दुसऱ्या हातात गन पत्तीच्या पुढे पुढे चालत राहिली पाहिजे, म्हणजे पत्ती जिथे पोहोचणार ती जागा आधीच तापलेली. हे जमायला पहिला अर्धा तास लागतो, मग एक लय येते आणि लांब पट्ट्याच्या पट्ट्या निघतात, गरम असताना चामड्यासारख्या आणि खाली पडून गार झाल्या की चिक्कीसारख्या कडक. खरं सांगायचं तर ही लय आल्यावर मजा यायला लागते. सागावर तर अजूनच बरं निघतं कारण साग मुळात तेलकट, एपॉक्सीची पकड त्याच्यावर जरा कमीच असते. आंबा, बाभूळ अशा लाकडात ते जास्त घट्ट बसतं.

दोन चुका सांगतो ज्या मी केल्या. एक, एखादा पॅच तापवला, निघाला नाही म्हणून सोडला, परत तापवला, परत सोडला. असं केलं की एपॉक्सी उलट अजून पक्कं होत जातं, भट्टीत भाजल्यासारखं, आणि पुढच्या वेळी मऊ व्हायला आणखी जास्त उष्णता मागतं. म्हणून तापवलंत की लगेच काढा, फोन आला तर वाजू दे. दुसरी, पत्तीवर मऊ एपॉक्सीचा गोळा साचतो आणि गार झाला की दगड होतो, तेव्हा दर दोन-तीन फेऱ्यांनी गरम असतानाच लाकडाच्या तुकड्यावर पुसून घ्यायची.

भेगा आणि गाठी. माझ्या फळीत जुन्या कडीची दोन भोकं आणि एक लांब भेग होती, सगळी एपॉक्सीने भरलेली. ती उकरायची नाहीत. तिथलं एपॉक्सी लाकडाला आतून धरून बसलंय, ते काढायला गेलात तर भेग मोठी होईल आणि नंतर परत कशाने तरी भरावीच लागेल. पृष्ठभागाच्या लेव्हलला कापून सपाट करा, बस.

नक्षीकाम असेल तर मात्र देव पाव. तिथे पत्ती चालत नाही, थोडं थोडं तापवून बांबूच्या काडीला धार करून, जुन्या टूथब्रशने, पितळी तारांच्या ब्रशने कोरून काढायचं. अशा ठिकाणी लोक मिथिलीन क्लोराइडवाला पेंट रिमूव्हर सुचवतात, आणि ते एपॉक्सीला थोडंफार फुगवतं हे खरं, पण त्याची वाफ शरीरात गेली की तिचा कार्बन मोनॉक्साइड होतो, बंद खोलीत काम करताना माणसं दगावलीत, अमेरिकेत घरगुती रंग काढायला ते विकणं २०१९ पासून बंद आहे, आणि साधा मास्क त्याला अडवत नाही. एका नक्षीच्या चौकटीसाठी मी तरी हात लावणार नाही.

अजून एक प्रकार, ज्यांचं एपॉक्सी जमलेलंच नाही, महिना झाला तरी बोट चिकटतं. माप चुकलं किंवा नीट ढवळलं नाही की असं होतं, आणि वरून नुसतं हार्डनर ओतून ते सुधारत नाही. तिथे हीट गन नको, जास्तच चिकट होतं. प्लास्टिकच्या कार्डाने जेवढं निघेल तेवढं ओरबाडून काढा आणि उरलेलं स्पिरिट किंवा अॅसिटोनच्या फडक्याने पुसा, इथे ते काम करतं कारण ते पूर्ण जमलेलं नाही. फडकी बदलत राहा, एकच फडकं फिरवत राहिलात तर फक्त सगळीकडे पसरेल. आणि इथे मात्र नायट्राइल ग्लोव्ह्ज घालाच.

मोठी सपाट फळी असेल, हे सगळं करायचा उत्साह नसेल, तर लाकडाच्या वखारीत किंवा मोठ्या सुतारकाम वर्कशॉपमध्ये रंधा मशीन असतं, त्यातून २-३ मिलिमीटर उडवून आणता येतं, पाच मिनिटांत काम. पण आधी विचारा, बरेच जण एपॉक्सी बघून नाही म्हणतात कारण पात्यांची धार जाते, आणि जुन्या दाराच्या फळीत एखादा खिळा तुटून आत राहिलेला असतो, तो पात्याला लागला तर नुकसान भरून द्या तुम्ही. लोहचुंबक फिरवून बघा आधी. मी विचारलं होतं, त्याने फळीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि चहा पाजून परत पाठवलं.

मोठा थर निघाला की खाली एक ओबडधोबड, कुठे चमकदार कुठे कोरडी अशी फळी दिसते आणि जरा वाईट वाटतं, वाटू दे. आता घासायचं. आपले जुने पॉलिशवाले फुटक्या काचेच्या तुकड्याने खरवडतात ना, ती पद्धत इथे फार चालते, काचेची ताजी कड लाकडावर उभी धरून आपल्याकडे ओढायची, साखरेसारखा भुगा निघतो, बोटांना जाड कापड गुंडाळून. नाहीतर कॅबिनेट स्क्रॅपर, म्हणजे खरवडायची पातळ पोलादी पत्ती. मग पॉलिश पेपर ६० किंवा ८० ने सुरुवात. मशीनने घासत असाल तर स्पीड कमी आणि दाबायचं नाही, कारण घर्षणाने एपॉक्सी परत तापतं, मऊ होतं आणि पेपरवर त्याचे थेंब चिकटून पेपर दोन मिनिटांत बाद होतो. ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून करणारे बघितलेत मी, होतं लवकर, पण फळीला लाटा येतात आणि त्या नंतर फिनिश मारल्यावर उजेडात अशा दिसतात की बस.

किती घासायचं हे कळायला एक सोपी युक्ती, फडक्यावर स्पिरिट घेऊन पूर्ण फळी पुसा. जिथे लाकूड उघडं आहे तिथे ते लगेच गडद होतं, जिथे एपॉक्सी अजून आहे तिथे फिकट, चकचकीत बेटं दिसतात. पेन्सिलीने त्या बेटांवर रेघोट्या मारा आणि तेवढंच घासा. पूर्ण उडू द्या आधी स्पिरिट, मग मशीन लावा, ठिणगीचा भरवसा नाही.

आणि इथे कुठेतरी थांबावं लागतं. लाकडाच्या छिद्रांमध्ये मुरलेलं एपॉक्सी कधीच पूर्ण निघत नाही, ते काढायचं म्हणजे तेवढं लाकूडच काढायचं. वरून पीयू (पॉलियुरेथेन) किंवा मेलामाइनसारखा थर देणारं फिनिश मारणार असाल तर ८० नंतर १२०, १८० करून सोडून द्या, छिद्रांतलं एपॉक्सी दिसणार नाही. पण जवसाचं तेल किंवा स्टेन (लाकडात मुरणारा रंग) लावायचा असेल तर जिथे एपॉक्सी मुरलंय तिथे ते पिणार नाही, चट्टे पडतात, तेव्हा ती स्पिरिटची टेस्ट एकसारखी गडद येईपर्यंत घासत राहा, मग २२० ला संपवा. मी तेल लावायचं ठरवलं होतं म्हणून दुसरा अख्खा रविवार यातच गेला, आणि तरी भेगेच्या आजूबाजूला दोन फिकट चट्टे आहेतच, त्यावर आता पेपर ठेवतो.

निघालेल्या चकत्या आणि भुगा पोत्यात भरून सुक्या कचऱ्यात. गावाकडे सवय असते लाकडाचा भुसा, छिलके बंबात घालायची, हे घालू नका, एपॉक्सी जळताना निघणारा धूर विषारी असतो आणि त्या पाण्याने अंघोळ करायची असते आपल्याला.

शेवटी त्या बाजूला ठेवलेल्या बाटल्यांपैकी अॅसिटोनची आता उघडा. साग तेलकट असल्यामुळे फिनिश मारायच्या आधी फळी अॅसिटोनने एकदा पुसून घ्यायची, वरचं तेल निघतं, १५-२० मिनिटांत सुकतं आणि लगेच पहिला हात द्यायचा, दुसऱ्या दिवसावर ढकललं तर तेल परत वर येतं. मी उकळलेलं जवसाचं तेल लावलं, तीन हात, प्रत्येक हातानंतर अर्ध्या तासाने जादाचं पुसून आणि मध्ये एक एक दिवस सोडून. त्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आतल्या आत तापून आपोआप पेट घेतात, हे ऐकीव नाही, होतं. पाण्यात भिजवून ठेवा किंवा दोरीवर एकेक मोकळं पसरून कडक वाळवा, मग टाका.

टीपॉय आता चमकत नाही. आईने परवा पातेलं ठेवलं, डाग पडला, मी २२० चा पेपर दोनदा फिरवला आणि तेलाचं एक बोट लावलं.